नकाशात नसलेली सव्वीस घरे

ती घटना आजही आठवते, आणि एखाद्या दिवशी आठवली नाहीच तर जिना चढताना डावी मांडी आठवण करून देते. पोलीस खात्यातून निवृत्त झालेली माणसं आठवणी लिहायला बसतात तेव्हा त्यांत बहुधा दरोडेखोर असतात, पाठलाग असतो आणि शेवटी साहेबांचा सत्कार असतो. माझ्या या आठवणीत एक नकाशा आहे, एक रजिस्टर आहे आणि एक भोक आहे. सत्कार नाही.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी चिखली तालुक्याच्या बाजूला एका ठाण्याचा ठाणेदार होतो. गावाचं नाव सांगत नाही. अमडापूरच्या बाजाराला जाणारा रस्ता त्याच्या कडेनं जातो, एवढं पुरे. रस्ता रुंद झाला आणि गाव दोन्ही बाजूंनी पसरत सुटलं. आधी गॅरेज आलं, मग कृषी सेवा केंद्र, मग मंगल कार्यालय, मग त्या मंगल कार्यालयाविरुद्ध आवाजाच्या तक्रारी.

या रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर गायरानात सव्वीस घरांची एक वस्ती होती. बहुतेक बौद्ध कुटुंबं. कुणी शेतमजूर, कुणी गवंडी, एक अंगणवाडी सेविका, आणि बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक मुकादम. सरकारचा नियम असा, की एका ठरावीक तारखेआधी गायरानावर उभी राहिलेली घरं कायम करायची आणि त्यानंतरची पाडायची. वस्तीनं घरं कायम करण्यासाठी अर्ज केले होते. सोबत ग्रामपंचायतीच्या घरांच्या रजिस्टरचे उतारे जोडले होते. त्या उताऱ्यांप्रमाणे सगळी घरं तारखेच्या कितीतरी आधीची होती.

नेमकं त्याच सुमाराला एका सरकारी कार्यालयानं आख्ख्या विभागातली शहरं आणि मोठी गावं कशी वाढतात यावर वरून नजर ठेवायचं काम काढलं. उपग्रहानं पूर्वी घेतलेलं चित्र आणि आत्ताचं चित्र शेजारी ठेवायचं. बांधकाम लाल, मोकळी जमीन पिवळी, पीक हिरवं, असे रंग द्यायचे. जिथं पिवळ्याचं लाल झालं त्या जागांची यादी तालुक्याला कळवायची. त्या यादीत आमची वस्ती आली. त्या तारखेच्या सुमाराच्या जुन्या चित्रात पिवळी, नव्या चित्रात लाल. म्हणजे तारखेच्या वेळी तिथं घरच नव्हतं. मग रजिस्टरात सव्वीस घरं आली कुठून?

तहसीलकडून फिर्याद आली, सोबत तो रंगीत नकाशा. ग्रामसेविकेनं रजिस्टरात मागच्या तारखांच्या खोट्या नोंदी केल्या, असा आरोप. गुन्हा दाखल झाला, तपास मी स्वतःकडे ठेवला. पाठोपाठ दुसरं पत्र आलं, की पंधरा दिवसांनी वस्ती हटवायची आहे, बंदोबस्त द्यावा. मी बंदोबस्ताच्या पत्रावर त्याच दिवशी सही केली. तपास सुरू व्हायचा होता, पण शेवट मला माहीत होता.

इथं माझ्या स्वभावाबद्दल सांगायला हवं. मी संशयी माणूस आहे. खात्यात त्याला चाणाक्ष म्हणतात, घरी दुसरा शब्द आहे. दूधवाला हसून बोलला तर मी त्याच्याकडे विहिरीची चौकशी करायचो. अशा माणसाच्या हातात तो नकाशा पडला. नकाशा लाच घेत नाही, फितूर होत नाही, जबाब फिरवत नाही. मी त्याच्या प्रेमातच पडलो. बाजारातून फ्रेम आणवली. फ्रेम थोडी तोकडी पडली म्हणून खालची बारीक अक्षरांची पट्टी कापून टाकली आणि नकाशा माझ्या खुर्चीच्या मागं टांगला. कामासाठी आलेल्या प्रत्येकाला तो दाखवायचो. आमचे हवालदार वयानं माझ्याहून मोठे आणि जिभेनं माझ्याहून तिखट. ते एकदा म्हणाले, "साहेब, या फोटोले हार घालू का?"

दोन दिवसांत खबर आली. माझा खबऱ्या सलून चालवायचा, त्याच्या खिडकीसमोर ग्रामपंचायतीचं कार्यालय. दाढीचा फेस वाळेपर्यंत त्यानं मला ताटकळत ठेवलं आणि मग कानाशी वाकून सांगितलं, की दिवाळीच्या सुट्टीत ग्रामसेविकाबाईंनी कार्यालयाला आतून कडी लावली आणि तीन दिवस बसून ते रजिस्टर लिहिलं. त्यानं खिडकीतून स्वतः पाहिलं होतं.

मी अर्ध्या दाढीनं उठलो. दोन पंच घेतले, ग्रामपंचायतीत जाऊन रजिस्टर ताब्यात घेतलं. मधूनमधून उघडून पाहिलं तर जिथं उघडावं तिथं एकच अक्षर, एकच निळी शाई. कित्येक वर्षांच्या नोंदी आणि पेन एक. मी पाचसहा पानांच्या झेरॉक्स काढून घेतल्या, रजिस्टर कापडात बांधलं आणि हस्ताक्षर तज्ज्ञाकडे पाठवायचं म्हणून त्यावर जागोजागी लाख ओतून सील ठोकलं. लाख जरा जास्तच ओतली. उत्साह होता.

मग वस्तीवर गेलो. एक घर सोडून सगळ्यांवर नवेकोरे निळे पत्रे, तेही एकाच बनावटीचे. मी हवालदारांकडे अर्थपूर्ण बघितलं. ते मात्र पत्र्यावर वाळत घातलेल्या कुरड्यांकडे बघत होते.

जबाब घ्यायला बसलो. पहिल्या घरातला माणूस म्हणाला, "पत्रं नवीन हायेत साहेब. घर जुनंच हाये." दुसऱ्या घरातली बाई म्हणाली, पत्रं नवीन हायेत, घर जुनंच हाये. तिसऱ्या घरात तेच. दहाव्या घरापर्यंत तेच शब्द, त्याच क्रमानं. आता वर्दीतल्या माणसाला एक गोष्ट शिकवलेली असते. खरं बोलणारे पाच साक्षीदार पाच तऱ्हांनी सांगतात, आणि पढवलेले साक्षीदार एका सुरात सांगतात. मी डायरीत लिहिलं, "जबाब पढवलेले वाटतात." या लोकांना तलाठ्यापासून तहसीलपर्यंत येणाऱ्या प्रत्येकाला वर्षभर हेच एक वाक्य सांगावं लागलं होतं आणि बोलून बोलून ते गुळगुळीत झालं होतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

मुकादमांचं घर शेवटचं. त्यावर पत्रे नव्हते. सत्तरीचा काटक माणूस, पांढरा स्वच्छ सदरा, घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. त्यांनी मला बाज टाकून दिली. मी विचारलं, तुम्हीच पत्रे का नाही टाकले?

"पत्र्याखाली माणूस भाजते साहेब. लोकायले लिंपाचा कंटाळा आला, मी अजून लिंपतो."

मी लिहिलं, "सदर इसम उडवाउडवीची उत्तरे देतो."

माझ्या टेबलावर तोपर्यंत एक आकृती तयार झाली होती. मध्ये ग्रामसेविका, तिच्यापासून सव्वीस घरांकडे बाण, एक बाण पत्र्याच्या दुकानदाराकडे, आणि एक बाण नुसताच बाहेर गेलेला. तो कुणाकडे जातो ते ठरायचं होतं. हवालदारांनी ती आकृती पाहून विचारलं, साहेब, घरी लग्नाच्या पंगतीचं ठरवून राह्यले का?

ग्रामसेविकाबाईंना नोटीस देऊन बोलावलं. चाळिशी ओलांडलेल्या, गावोगावच्या ग्रामसभा अंगावर घेतलेल्या बाई. सोबत महिला शिपाई बसवली. माझी चौकशीची एक हातोटी होती. समोरच्याला बसवायचं आणि बराच वेळ काहीच बोलायचं नाही. शांतता सहन न होऊन माणूस स्वतःच बोलू लागतो. बाईंना बसवलं. मी गप्प राहिलो. त्यांनी पिशवीतून एक फाईल काढली, चष्मा लावला आणि कार्यालयाचं काम करत बसल्या. वीस मिनिटांनी शांतता मलाच सहन झाली नाही.

"रजिस्टर कोणी लिहिलं?"

"मी लिहिलं."

"कधी?"

"दिवाळीच्या सुट्टीत. तीन दिवस लागले."

"आतून कडी लावून?"

"हो मग. उघडं ठेवलं तर दर पाच मिनिटाले कोणी ना कोणी दाखला मागायले येते."

मी रायटरकडे पाहिलं. रायटर म्हणजे ठाण्यातला लिखापढीचा माणूस. तो भराभर लिहीत होता. कबुली इतक्या सहज मिळाल्याचं माझ्या नोकरीत दुसरं उदाहरण नव्हतं. तिथंच मला शंका यायला हवी होती. मला सगळ्यांची शंका येते, माझी सोडून.

"मग जुनं रजिस्टर कुठं आहे?"

"वाळवी लागली होती साहेब. हात लावला की पान गळे. म्हणून तर नवीन उतरून काढलं. जुनं पंचायत समितीच्या अभिलेख कक्षात जमा केलं. पोच हाये."

"दाखवा पोच."

बाईंनी चष्मा काढला. "कशी दाखवू? ती नव्या रजिस्टरच्या शेवटच्या पानाले पिनेनं लावली होती. ते रजिस्टर तर तुम्ही बांधून नेलं."

आता सील फोडायला न्यायालयाची परवानगी लागते. ती घेता आली असती. अर्ज एका पानाचा असतो. निदान पंचायत समितीत एक शिपाई पाठवून विचारता आलं असतं. पण माझ्या मनानं वेगळाच हिशोब केला. पोच अशा जागी आहे म्हणते की जिथं आपल्याला बघता येत नाही. म्हणजे बाई पक्की आहे. मी रायटरला सांगितलं, लिही, "पुराव्याबाबत समाधानकारक खुलासा नाही." आणि त्यांच्या खात्याला पत्र धाडलं. आठवड्यात बाई निलंबित झाल्या.

हे मी आज हसत लिहितो आहे, पण त्या दिवशी बाई ठाण्याच्या पायऱ्या उतरताना महिला शिपायाला जे म्हणाल्या ते तिनं मला नंतर सांगितलं. त्या म्हणाल्या होत्या, की माझी नोकरी जाईल ते मी निस्तरीन, पण वस्तीवरच्या लोकांना वाटेल की बाईच्या अक्षरामुळे आमची घरं गेली.

घरं पाडायला चार दिवस उरले तेव्हा मी नकाशाच्या कार्यालयातल्या अधिकाऱ्याला बोलावून घेतलं. जागेवर त्यांच्यासमक्ष पंचनामा केला की दोषारोपपत्राला वजन येईल, असा विचार. किडकिडीत, अबोल गृहस्थ, डोक्यावर टोपी, खांद्याला लॅपटॉप. ठाण्यात येताच त्यांनी भिंतीवरचा नकाशा पाहिला. मला वाटलं कौतुक करतील. त्यांनी विचारलं, "याच्या खालची पट्टी कुठे गेली?"

मी सांगितलं, फ्रेममध्ये बसत नव्हती.

"त्या पट्टीवर सूचना होती," ते म्हणाले. "प्रत्यक्ष पाहणी केल्याशिवाय पुरावा म्हणून वापरू नये."

हवालदारांना अचानक खोकला लागला आणि ते बाहेर गेले.

मी म्हटलं, आता पाहणीच करू. वस्तीवर पोचल्यावर मला आणखी एक कल्पना सुचली. उपग्रह वरून बघतो, तर आपणही वरून बघू. पत्र्यावर चढता येत नाही, म्हणून मुकादमांच्या घराला शिडी लावली. त्या काळी माझं वजन शिडीच्या मताविरुद्ध होतं, तरी चढलो. मागून नकाशावाले आणि हवालदार. खाली मुकादम उभे.

ते जुन्या पद्धतीचं धाब्याचं घर. मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यांवर काड्या आणि त्यावर हातभर मातीचा सपाट थर. त्याला आमच्याकडे धाबं म्हणतात. मी छातीवर हात बांधून चहूकडे नजर फिरवली. एका कोपऱ्याजवळ पोतं पसरलेलं दिसलं. मी तिकडं वळलो तसे खालून मुकादम ओरडले, "साहेब, तिकडे नोका जाऊ."

झालं. इतके दिवस ज्याची वाट बघत होतो ते सापडलं. छतावर पोतं, आणि मालक म्हणतो तिकडं जाऊ नका. मी विचारलं, काऊन नको? त्यांचं उत्तर पूर्ण व्हायच्या आत मी पोत्यावर पाय दिला होता.

"तिथं सानं हाये," एवढं वाक्य मला हवेत ऐकू आलं.

सानं म्हणजे धाब्याला उजेडासाठी आणि चुलीच्या धुरासाठी ठेवलेलं भोक. माझा डावा पाय मांडीपर्यंत आत गेला आणि उरलेला ठाणेदार वर अडकला. खाली चुलीपाशी मुकादमांची सून भाकरी थापत होती. तिला वरून एक काळा बूट आलेला दिसला. ती शांतपणे बाहेर येऊन सासऱ्यांना म्हणाली, "मामाजी, परातीवर पाय लटकून राह्यला. कोनाचा हाये?"

मी पालथा पडलो होतो. गाल मातीला टेकलेला. डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर धाब्यावरचं वाळलेलं गवत, त्यातून चाललेली मुंग्यांची रांग, आणि पलीकडे गायरान. मला धाबं संपतं कुठं आणि गायरान सुरू होतं कुठं ते कळेना. रंग तोच, गवत तेच, भेगासुद्धा त्याच. आणि माझ्या डोक्याशी उभे असलेले हवालदार, मला ओढायच्या आधी, खिशातून तंबाखूची डबी काढत म्हणाले, "साहेब, तुमी घरावर नाई, पडीत वावरात फसल्यासारखे दिसून राह्यले."

कुणी हसलं नाही. मी मान वळवून पाहिलं तर नकाशावाले अधिकारी खाली बसले होते आणि धाब्यावरची माती चिमटीत घेऊन बघत होते. मग त्यांनी तिथंच मांडीवर लॅपटॉप उघडला. मला बाहेर काढायचं काम थोडा वेळ तहकूब झालं.

"हे आत्ताचं चित्र," ते म्हणाले. "ही वस्ती. लाल ठिपके मोजा." मी अडकलेल्या अवस्थेत मोजले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. पंचवीस भरले. "आपण आत्ता इथे आहोत," म्हणून त्यांनी बोट ठेवलं. बोटाखाली पिवळं होतं. मोकळी जमीन. ज्या घराच्या छतात माझा पाय होता, ज्याच्या चुलीवर भाकरी होती, ते घर त्या दिवशीच्या नकाशातसुद्धा नव्हतं.

"वरून पत्रा चमकतो, सिमेंटची गच्ची चमकते," ते स्वतःशीच बोलल्यासारखे बोलत होते. "माती मातीसारखीच दिसते."

खाली शिडीवर उभे राहून मुकादम ऐकत होते. ते म्हणाले, "हेच तं सारे सांगून राह्यले साहेब. पत्रं नवीन हायेत."

मग त्यांनी सगळं सांगितलं. धाब्याला दर उन्हाळ्यात पांढरी माती आणून लिंपावं लागतं, नाहीतर पावसाळ्यात गळतं. लिंपणारी पिढी गेली. दोन वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्यानं पत्र्याचा ट्रक आणला, हप्त्यानं देतो म्हणाला, आणि एकाच उन्हाळ्यात पंचवीस घरांनी माती उतरवून पत्रे चढवले. आकाशातून पाहणाऱ्याला त्या उन्हाळ्यात माळावर एक वस्ती उगवली. ज्यांनी घर नीट केलं ते नवे ठरले. ज्यांच्या जबाबावर मी उडवाउडवी लिहिलं त्या मुकादमांचं एकट्याचं घर वस्तीचा साक्षीदार म्हणून उभं होतं, आणि तेही नकाशात नव्हतं.

मला ओढून काढायला चौघं लागले. मांडी सोलली होती. सुनेनं हळद लावायला दिली आणि सान्यावर पुन्हा पोतं टाकायचं का, असं विचारलं. मुकादम म्हणाले, आता कायले, सगळे पाहून गेले.

परत येताना जीपमध्ये मी नकाशावाल्यांना म्हटलं, एक गाव काढून दाखवता का? दुसरबीडकडचं एक खेडं, माझ्या मामाचं. तिथंच माझा जन्म, सातवीपर्यंत तिथंच शाळा. आठवड्यातून एकदा मामीसोबत धाब्यावर चढून उगवलेलं गवत उपटायचं हे लहानपणी माझं काम होतं. सान्यातून खाली खडे टाकून मी आजीचा मार खाल्लेला आहे. त्यांनी जुनं चित्र काढलं. गावाच्या जागी एक शाळा लाल दिसली, कारण तिच्यावर सिमेंटची गच्ची होती. बाकी सगळं गाव पिवळं. सरकारी नकाशाप्रमाणे माझा जन्म पडीक जमिनीत झाला होता.

मी लॅपटॉप मिटून त्यांच्या हातात परत दिला. लाज वाटली ती याची, की ही चूक करायची सवलत मला नव्हती. पुण्यामुंबईचा अधिकारी असता तर त्याला धाबं माहीत नसतं, त्याला माफ होतं. मी त्याच मातीखाली वाढलो, मग तीस वर्षं खात्याच्या क्वार्टरच्या गच्चीखाली राहिलो, आणि माझ्या मामाच्या घराला मोकळी जमीन म्हणणाऱ्या कागदाला फ्रेम करून डोक्यामागं टांगून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी न्यायालयात अर्ज दिला. सील फोडलं. शेवटच्या पानाला पिनेनं लावलेली पोच होती, बाईंनी सांगितली तशीच, शिक्क्यासकट. पंचायत समितीतून जुनं रजिस्टर आणवलं. वाळवीनं कडा खाल्ल्या होत्या, पण सव्वीस कुटुंबांची नावं शाबूत होती, वेगवेगळ्या अक्षरांत, वेगवेगळ्या शायांत, काही तर बाई नोकरीला लागायच्या आधीच्या हातची. बंदोबस्त रद्द केल्याचं पत्र मी स्वतः तहसीलला नेऊन दिलं, नकाशावाल्यांचा अहवाल जोडून. वस्ती पाडायचं थांबलं. पुढं वर्षभरात ती घरं कायम झाली. गैरसमजातून गुन्हा दाखल झाला म्हणून मी न्यायालयात 'क' समरी पाठवली, म्हणजे इथं कुणीच गुन्हेगार नाही असा अंतिम अहवाल. माझा उल्लेख त्यात कुठं बसत नव्हता.

बाई कामावर परत आल्या. निलंबनाचे दोन महिने मात्र त्यांच्या सेवापुस्तकात लिहिले गेले, आणि ते शाईनं लिहिलेले असतात.

रजिस्टर परत द्यायला शिपाई पाठवता आला असता. मी स्वतः गेलो. मनात एक वाक्य जुळवून ठेवलं होतं, माफीच्या जवळपासचं. बाईंनी मला बसा म्हटलं नाही. रजिस्टर पुढ्यात घेतलं, चष्मा लावला.

"पोलिसांच्या ताब्यात होतं," त्या म्हणाल्या. "पानं मोजून घेते."

मोजायला लागल्या. मी उभा. कार्यालयात दाखल्यासाठी आलेले चारपाच लोक बाकावर बसून ठाणेदाराकडे बघत होते. शेवटचं पान आलं. बाई थांबल्या, पहिल्या पानावर लिहिलेली पानांची संख्या वाचली, पुन्हा मोजलं.

"एक पान कमी आहे, साहेब."

मी म्हणालो, शक्य नाही. मग म्हणालो, जसं नेलं तसंच आणलं. मग म्हणालो, सील न्यायालयात फोडलं, पंचांसमक्ष. मग म्हणालो, मी कशाला पान काढीन, मला त्याचा काय उपयोग. बाई काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या, आणि त्या गप्प राहिल्या म्हणून मी बोलतच गेलो. वाहतुकीत पडलं असेल म्हणालो. आधीपासूनच नसेल म्हणालो. बाकावरचा एक म्हातारा दुसऱ्याच्या कानाला लागला. एका वाक्याला पुढचं वाक्य जुळेना.

बाईंनी मध्ये एक पान उजेडाला धरलं. मी ओतलेली लाख कापडातून पाझरून दोन पानांच्या कडा चिकटल्या होत्या. त्यांनी नखानं हळूहळू सोडवल्या, पान न फाटू देता. मग आकडा पुन्हा लिहिला आणि पावतीचं पुस्तक माझ्याकडे सरकवलं.

"बरोबर आहे. इथं सही करा."

मी सही केली. जुळवून आणलेलं माफीचं वाक्य राहून गेलं.

या प्रकरणानं काय शिकवलं, असं तरुण अधिकारी विचारतात, तेव्हा मी जागेवर जाऊन पाहणी करा, सूचना कापू नका, वगैरे सांगतो. ते खरं आहे आणि उपयोगी आहे. पण मला स्वतःला जे कळलं ते त्या टेबलापाशी, एक पान कमी होतं तेवढ्या वेळात. तीस वर्षं मी अडखळणाऱ्या माणसाला खोटा समजत आलो. त्या दिवशी मी जे जे बोललो ते सगळं खरं होतं, आणि माझ्याच कानांना ते खोटं वाटत होतं.